अर्थिंगला दोन बादल्या पाणी

माझ्याकडं अकरा वह्या आहेत. पहिली १९९५ची, लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली लांबट. वायरमनला वही कशाला लागते, असं लोक विचारतात. पण मी प्रत्येक घराचं एक पान करायचो. मालकाचं नाव, गाव, पॉइंट किती, कोणत्या खोलीला कोणती वायर, मेन स्विच कुठं, अर्थिंग कोणत्या कोपऱ्यात गाडलं, पैसे किती आले, किती राहिले. सगळ्यात खाली फोन नंबर. जुन्या पानांवर नंबरापुढं ‘पी. पी.’ लिहिलेलं आहे. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. पी. पी. म्हणजे फोन त्या माणसाचा नाही, शेजारच्याचा. किराणा दुकानात नाहीतर मास्तरांच्या घरी फोन लावायचा, ‘जरा अमक्यांना बोलावता का’ म्हणायचं आणि दहा मिनिटांनी परत लावायचा.

वहीची सवय किल्लारीनं लावली. लातूरला आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या ट्रेडला होतो तेव्हा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चारला चार मिनिटं कमी. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुढं जागा बदलून नव्यानं वसवली, त्यात जागतिक बँकेचा पैसा होता. माझी पहिली मजुरी त्या नव्या घरांमधली, किल्लारी आणि मंगरूळला. घरं एकसारखी, रस्ते रुंद, आणि माणसं रात्री स्लॅबखाली झोपायला तयार नाहीत. बाहेर अंथरूण टाकायची. म्हणून दिवा बाहेर पाहिजे म्हणायची. नकाशात बाहेरचा पॉइंटच नव्हता. मी आपल्या जिवावर दाराबाहेर एक होल्डर काढून द्यायचो आणि ते लिहून ठेवायचो, कारण ठेकेदार वायरचा हिशोब मागणार.

पुढं लातुरात औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड घरांनी भरत गेले, तशा वह्याही भरत गेल्या. २००६ला नांदेडला आलो. २००८मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीची तीनशे वर्षं होणार होती. सगळं शहर खणून ठेवलेलं, जिकडं बघावं तिकडं बांधकाम, वायरमन मिळत नव्हते. तेव्हापासून तरोडा नाक्याकडं राहतो. पण निम्मी गिऱ्हाइकं अजूनही लातूर, अहमदपूर, लोह्याकडची आहेत.

२०२४च्या पावसाळ्यात या वह्या माळ्यावरून खाली आल्या. त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारनं ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली होती. एक कोटी घरांच्या छपरावर सोलर बसवायचं. एक किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान, दोनला ६० हजार, तीन आणि त्याच्या पुढं कितीही बसवा, ७८ हजार. हे काम नोंदणी झालेल्या व्हेंडरमार्फतच करावं लागतं. एका व्हेंडरकडं भाच्याची ओळख होती. गिऱ्हाईक आम्ही आणायचं, छतावरची जोडणी आम्ही करायची, कागदपत्रं आणि माल त्यांचा. वयाच्या पन्नाशीत भिंतींना झिऱ्या मारून खांदे गेले होते, जोडधंदा पाहिजेच होता. भाचा म्हणाला, “मामा, लोक जाहिरातीवर पैसे घालतात. तुमच्याकडं चारशे घरं आयती आहेत.”

त्यानं एका रविवारी बसून सगळे नंबर माझ्या मोबाईलमध्ये भरले आणि एक मेसेज केला. वर सूर्याचं चित्र, मधे माझा फोटो, खाली ‘आपल्या सेवेत आता सोलर’. एका दमात सगळ्यांना पाठवला. मला वाटलं, आता फोन उचलता उचलता जेवायला फुरसत मिळणार नाही.

उत्तरं आली नऊ.

त्यातलं तांत्रिक कारण भाच्यालाही नंतर कळलं. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबरच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. माझ्या वहीत त्यांचा नंबर होता, त्यांच्या मोबाईलमध्ये माझा नव्हता. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या घरात पंधरा दिवस राबलो, तो माझा नंबर कशाला जपून ठेवील? घरातले दिवे लागतायत तोवर वायरमनची आठवण कुणाला येत नाही. राहिलेल्यांना भाच्यानं एकेक करून पाठवले, तर त्यातल्या कुणीकुणी तक्रार दाबली आणि माझा नंबरच दोन दिवस अडकून पडला. शिवाय जिओ आल्यावर निम्म्या लोकांनी नंबर बदलले होते. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला देते. निलंग्याच्या एका आडत्याचा नंबर आता कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मुलीकडं आहे. तिनं मला शांतपणे लिहिलं, ‘काका, आमचं घर भाड्याचं आहे.’

नवातल्या एकानं हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकानं विचारलं, कोण? दोघांना जुना पंखा दुरुस्त करून पाहिजे होता. एकाला सोलर नको होतं, त्याच्या भाच्यासाठी स्थळ पाहिजे होतं. राहिले तीन, आणि ती कोल्हापूरची मुलगी. त्या तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं होतं. एकाचा मेसेज तसाच सांगतो: ‘मिस्त्री, आधी बॅटरीचं सांगा.’

ते बॅटरी प्रकरण मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

२००५च्या जूनमध्ये वीज मंडळाची विभागणी झाली, महावितरण आलं, आणि त्याच सुमाराला भारनियमन असं वाढलं की मराठवाड्यातल्या गावांत बारा-बारा तास लाईट नसायची. इन्व्हर्टरचा धंदा तेजीत आला. तो माझा पहिला जोडधंदा. नांदेडला आल्या आल्या मी लातूरच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले, आणि लोकांनी डोळे झाकून इन्व्हर्टर घेतले, कारण फिटिंग माझंच होतं. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून मी बॅटऱ्या आणायचो. स्वस्त, चपट्या प्लेटच्या. गाडीला असते तसली ती बॅटरी. गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावते आणि लगेच भरून निघते. घरातली बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी होते, रोज भरावी लागते. त्यासाठी नळ्यांच्या प्लेटची, ट्यूब्युलर बॅटरी पाहिजे. ती दीडपट महाग. मला हे माहीत नव्हतं असं म्हणालो तर खोटं होईल. अर्धवट माहीत होतं. स्वस्त मिळाली की गिऱ्हाईक हो म्हणतं, हे मात्र पूर्ण माहीत होतं.

वर्षाच्या आत बॅटऱ्या बसल्या. दीड वर्षाच्या वॉरंटीची कार्डं घेऊन मी त्या व्यापाऱ्याकडं गेलो, तर शटर बंद. तेवीस घरं होती. सुरुवातीला फोन उचलून ‘बघतो’ म्हणायचो, मग उचलायचं बंद केलं. लातुरात औसा रोडला एक गल्ली आहे, तिथं ओळीनं चार घरांत त्या बॅटऱ्या दिल्या होत्या. त्या गल्लीतून जायचं सोडून दिलं. लांबचा वळसा घालायचो. आणि आता त्याच चार घरांना मी सूर्याचं चित्र पाठवलं होतं.

जुन्या गिऱ्हाइकाकडं नवा धंदा घेऊन जाणारा प्रत्येक जण इथं फसतो, असं माझं मत झालंय. विमा विकायला लागलेला मास्तर असो, प्लॉटिंगमध्ये उतरलेला फोटोग्राफर असो. त्याला वाटतं, माझ्याकडं ओळखींची पुंजी आहे. पण ते खातं आहे. त्यात जमेची बाजू असते तशी नावेचीही असते, आणि नावेची बाजू गिऱ्हाइकाच्या डोक्यात तोंडपाठ असते.

भाच्याला म्हणालो, मेसेज बस्स. पाचव्या-सहाव्या वहीतली ती तेवीस पानं काढली आणि मोटारसायकलला किक मारली. पैसे परत करण्याइतकी ऐपत नव्हती, नाही. पण तोंड दाखवायचं होतं. चार घरं विकली गेली होती, तीन ठिकाणी जुनी माणसं राहिली नव्हती. एका बाईंनी दारातूनच परत पाठवलं, ते बरोबरच होतं. बाकीच्यांना बहुतेक हसू आलं. त्या गल्लीतल्या शेवटच्या घरी एक निवृत्त तलाठी राहतात. माझं बोलणं संपेपर्यंत ते गप्प बसले. मग आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. तिच्यात घरपट्टीच्या पावत्या, गॅसचं पुस्तक, मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि त्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड. पिवळं पडलेलं. त्यावर सही माझी. व्यापाऱ्याचा शिक्का पुसट झाला होता, माझी सही ठसठशीत होती.

मी म्हणालो, “भाऊसाहेब, फाडून टाका की आता.”

ते म्हणाले, “राहू दे. सोलरचं कार्ड याच्याच शेजारी ठेवतो.”

त्यांनी सोलर घेतलं. का घेतलं ते मी विचारलं नाही.

अहमदपूरला माझे एक गिऱ्हाईक आहेत, मराठीचे निवृत्त शिक्षक. मी त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांना तो सूर्याचा मेसेज दाखवला. चष्मा वर करून त्यांनी वाचला आणि म्हणाले, “या कागदात सगळीकडं तूच आहेस. मी कुठंच नाही.” मग त्यांनी किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. मला किर्लोस्कर म्हणजे विहिरीवरचा पंप एवढंच ठाऊक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला बेळगावात सायकलींचं दुकान काढलं होतं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. १९१०ला सांगलीकडं माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. कारखान्याचा माल घेणाऱ्यांशी आणि एजंटांशी संबंध राहावा, म्हणून. त्या पत्रकात मालाच्या माहितीबरोबर वाचायला दुसरंही काही असायचं, आणि लोकांना ते दुसरंच आवडत गेलं. त्याचं पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, पाठोपाठ ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. म्हणजे मराठीतलं एवढं मोठं मासिक मुळात नांगराच्या गिऱ्हाइकांना लिहिलेलं पत्र होतं. गुरुजी म्हणाले, “नांगर माणूस एकदा घेतो. दर महिन्याला त्याला काय सांगणार, नांगर घे, नांगर घे?”

मी घरी येताना लोह्याच्या फाट्यावर चहाला थांबलो आणि तेच डोक्यात घोळत राहिलं. माझ्याकडं दर महिन्याला सांगण्यासारखं काय आहे? मासिक तर मी काढणार नव्हतो. चहाच्या टपरीमागं काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या, पाऊस लांबला होता. त्या भेगा बघून सुचलं. अर्थिंग.

घराच्या कोपऱ्यात खड्डा करून पाइप किंवा प्लेट गाडतात, भोवती मीठ आणि कोळसा भरतात, आणि तिथून तार घरभर फिरवतात. फ्रिजच्या, मोटरच्या अंगात करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या तारेतून जमिनीत जावा, हा त्याचा उपयोग. पण जमीन ओली असेल तरच ती करंट घेते. आमची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पाइपापासून सुटते, बोट जाईल एवढी भेग पडते. मग अर्थिंग नुसतं नावाला राहतं. उपाय साधा आहे. फेब्रुवारीपासून मृग लागेपर्यंत पंधरवड्यातून एकदा त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकायचं. कुणी टाकत नाही, कारण अर्थिंग कुठं आहे हेच घरात कुणाला माहीत नसतं. वरून फरशी बसवलेली असते, तुळशीचं वृंदावन आलेलं असतं. मला माहीत असतं. वहीत लिहिलंय.

तर मी फोन असा करायला लागलो: “मालक, मी वायरमन बोलतोय, दोन हजार अकराला तुमचं फिटिंग केलं होतं. तुमचं अर्थिंग मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीपासून तीन फुटांवर आहे. उन्हाळा आहे, त्यात पाणी टाका.” एवढंच. सोलरचं नाव नाही. समोरचा आधी गप्प व्हायचा. पैसे मागायला फोन नाही, काही विकायला नाही, मग हा काय म्हणतोय? एका वहिनींनी तर फोन चालू ठेवूनच मागं जाऊन बघितलं. “आहे की हो, इथं पाइपाचं तोंड दिसतंय!” जणू घरात सोनं सापडलं.

पूर्वी असा फोन करायची माझी छाती नसती झाली. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक घागरी घेऊन रात्र रात्र जागत होते. तेव्हा कुणाला जमिनीत पाणी ओता म्हणालो असतो तर मार खाल्ला असता. त्या उन्हाळ्यात वॉशिंग मशिनला, कुलरला झटके बसल्याच्या तक्रारी मला किती आल्या ते वहीत आहे, पान सगळं भरलेलं आहे.

खरं सांगायचं तर अर्थिंग तपासायला गेलं की सोलरचा विषय निघतोच, कारण सोलरला अर्थिंग लागतं, आणि एक नाही, तीन. पॅनेलच्या सांगाड्याचं वेगळं, इन्व्हर्टरच्या बाजूचं वेगळं, वीज पडली तर ती खाली न्यायला वेगळं. मग माणूसच विचारतो, “मिस्त्री, ते सूर्यघरचं काय असतं हो?” आपण विषय काढला तर आपण विकणारे, त्यानं काढला तर आपण जाणकार. एवढाच फरक आहे, आणि पुष्कळ आहे. याला कुणी चलाखी म्हणेल. थोडी आहेच.

मग छतावर जायचं. मी घरात बसून बोलत नाही. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. तोंड दक्षिणेला. आपल्याकडं वर्षातला बराचसा काळ सूर्य दक्षिणेकडून जातो. सरासरी धरली तर एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतो, आभाळ असलं की कमी. महिन्याला शंभर-सव्वाशे. मग वीजबिल काढायला लावतो आणि वर्षभराचे आकडे बघतो. महावितरणचा दर टप्प्यानं चढतो. शंभर युनिटांपर्यंत एक, तिथून तीनशेपर्यंत त्याच्यापेक्षा बराच जास्त. ज्याचं बिल अडीचशे-तीनशे युनिटांचं आहे त्याला सोलर परवडतं. अनुदान आधी मिळत नाही, हेही तिथंच सांगतो. तीन किलोवॅटला दोन लाखांच्या आसपास आधी घालायचे, नाहीतर बँकेचं कर्ज घ्यायचं. जोडणी होऊन नेट मीटर बसलं की मग अनुदान थेट मालकाच्या खात्यात येतं. गावोगाव एजंट ‘सगळं फुकट’ म्हणून फिरतायत, त्यांच्यामुळं हे दहादा सांगावं लागतं. आणि कुणी विचारलं, “तुला यात काय सुटतं?” तर सांगून टाकतो, किलोवॅटमागं दोन हजार. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती.

उधारीची पानं हा वेगळाच घोळ. वहीत ज्यांच्याकडं माझे पैसे राहिलेत ते फोन उचलत नाहीत. लोह्याच्या एका मालकाकडं २००९चे अठराशे रुपये होते. सहा वेळा फोन केला. सातव्यांदा त्यांच्या मुलानं उचलून सांगितलं, “बाबा शेतात गेलेत.” मागून बाबांचा आवाज येत होता, “कोणे रे?” मी म्हणालो, “अठराशे सोडले म्हणून सांग. अर्थिंगला पाणी टाका एवढंच सांगायचंय.” तासाभरात त्यांचाच फोन. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही, पण माळेगावच्या जत्रेला घरी जेवायला या म्हणाले. जत्रेत खंडोबाचं दर्शन घेऊन गेलो. जेवण झाल्यावर त्यांनी दोन हजार हातावर ठेवले आणि दोनशे परत मागितले. सोलर त्यांनी घेतलं नाही. विहिरीवर सरकारी सौरपंप आहे, तेवढं पुरे म्हणाले.

एक वही मी उघडली नाही. सातवी. २००६ ते २००९ नांदेडला मी एका कंत्राटदाराच्या हाताखाली होतो. सिडको, भाग्यनगर, वजिराबाद, मोठी मोठी घरं. नंबर माझ्या अक्षरात आहेत, घाम माझा आहे, पण ती माणसं त्याच्या नावावर माझ्यापुढं आली होती. भाचा म्हणतो, “मामा, वही तुमची की नाही?” वही माझी. गिऱ्हाईक माझं नाही. कंत्राटदाराला विचारलं, तर म्हणाला, दोन वर्षांपूर्वी मीच सोलर सुरू केलंय. विषय संपला.

आता याला कायदाही आहे. २०२३मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. त्याचा गाभा वायरमनलाही कळेल असा आहे: ज्या कामासाठी नंबर घेतला त्या कामासाठी वापरा, दुसऱ्या कामासाठी वापरायचा तर आधी विचारा. जाहिरातीचे फोन ज्यांना नको आहेत ते १९०९वर नोंद करू शकतात, तक्रारही करू शकतात, आणि साध्या दहा आकडी नंबरावरून असे फोन करत राहिलात तर तुमची लाईन तोडली जाऊ शकते. मी आता पहिल्याच फोनमध्ये विचारतो, पुढं कधी काही सांगायचं असलं तर फोन केला तर चालेल का. नाही म्हणाले की पानाच्या कोपऱ्यात लाल फुली. अशा फुल्या चाळीसेक झाल्यात. त्यांच्या अर्थिंगला कोण पाणी टाकणार, हा विचार मात्र मनात येतो.

बार्शी रोडच्या एका काकूंना मी स्वतःच नको म्हणालो होतो. १९९९चं फिटिंग. पतीच्या मागं त्या एकट्याच राहतात. एक पंखा, एक टीव्ही, फ्रिज. बिल साठ-सत्तर युनिटांचं. वर गच्चीला दक्षिण-पश्चिमेला शेजाऱ्यांचा लिंब, दुपारी दोननंतर सगळी सावली. मी म्हणालो, “काकू, तुम्हाला नाही परवडायचं. घालू नका पैसे.” मला वाटलं, आशीर्वाद मिळेल. त्यांचा चेहराच पडला. “समोरच्यांना बसवलंस की. मी एकटी बाई म्हणून मला नको म्हणतोस व्हय?” किती समजावलं, आकडे मांडले, पण त्यांच्या लेखी मी त्यांना कमी लेखलं होतं. चहा न घेता मला निघावं लागलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी त्यांच्या गच्चीवर चार पॅनेल ठोकले.

या मे महिन्यात त्यांचाच फोन आला. नंबर बघून मी उभाच राहिलो.

“मिस्त्री, बिल काही कमी होईना. आणि फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. येऊन बघ बरं एकदा.”

गेलो. तीन वाजले होते. पॅनेलवर लिंबाची सावली जाळीसारखी पसरली होती. रांगेतल्या एका पॅनेलवर सावली पडली की बाकीच्यांचंही उत्पादन खाली येतं, इथं तर चारही झाकलेले. ते मी काही बोललो नाही. सांगाड्यापासून खाली येणारी हिरवी तार धरून निघालो. भिंतीवरून, खिडकीखालून, परसात. नव्यानं गाडलेलं अर्थिंग एकही नव्हतं. तिन्ही तारा एकत्र पिळून एका गंजक्या पाइपाला बांधल्या होत्या. तो पाइप मी गाडलेला, १९९९चा. भोवतीच्या मातीला मनगट जाईल एवढी भेग.

काकू मागं येऊन उभ्या होत्या. “काय झालंय रे?”

मेन स्विच पाडला, पक्कड काढली, तारा सोडवायला घेतल्या, आणि मान न वळवता म्हणालो, “काकू, दोन बादल्या पाणी आणा.”